जय, पराजय आणि जपमाळ

गावची जत्रा आली की कुस्त्यांचा फड ठरलेलाच. पैलवान लाल मातीत उतरतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो, मारुतीचे नाव घेतो आणि शड्डू ठोकतो. समोरचा पैलवानही तेच करतो. दोघांनी एकाच देवाचे नाव घेतलेले असते आणि चीतपट मात्र एकालाच व्हायचे असते. मग देवाने ऐकले कोणाचे? तुमच्या शाळेतला एखादा चौकस मुलगा हा प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. गुरुजी, त्याला गप्प बसवू नका. प्रश्न मोठा आहे आणि जगातल्या फार मोठ्या खेळाडूंनाही तो पडलेला आहे.

या प्रश्नाचे उत्तर आज आपण एका परक्या मुलखात शोधणार आहोत. मुलूख इटलीचा, खेळ सायकलशर्यतीचा आणि धर्म कॅथोलिक ख्रिस्ती. आपल्या वसईकडे मराठी बोलणारा कॅथोलिक समाज मोठा आहे. मिस्सा, जपमाळ, नमो मरिया हे शब्द तिकडच्या घराघरांत मराठीतूनच ऐकू येतात. तेव्हा विषय काही अगदीच परका नाही. बाकीच्या श्रोत्यांसाठी जिथे गरज पडेल तिथे मी उलगडा करीत जाईन.

माणसाचे नाव जिनो बार्ताली. इ. स. १९१४ च्या १८ जुलैला फ्लॉरेन्स शहराजवळच्या पोंते आ एमा नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. घर मोलमजुरी करणाऱ्याचे. शाळकरी वयातच पोरगा सायकलदुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. पंक्चर काढता काढता सायकल चालवू लागला, चालवता चालवता शर्यती जिंकू लागला, आणि १९३५ साली धंदेवाईक सायकलपटू झाला. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्याने ‘जिरो दितालिया’ म्हणजे इटलीच्या प्रदक्षिणेची शर्यत जिंकली.

ही शर्यत म्हणजे काय, याची थोडी कल्पना यावी म्हणून सांगतो. इटलीची ‘जिरो’ आणि फ्रान्सची ‘टूर’ या दोन शर्यती साधारण तीन आठवडे चालतात. रोज एक टप्पा. त्या काळी फ्रान्सची शर्यत साडेचार हजार किलोमीटरच्याही वर जात असे. वाटेत आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांचे घाट. आपला खंबाटकी किंवा आंबेनळी घाट सायकलने चढून पाहिलेल्या माणसाला त्यातले थोडेसे कळेल. फरक इतकाच की तिथे दोन-अडीच हजार मीटर उंचीवर जायचे, तेही एका दिवसात दोन दोन, तीन तीन घाट ओलांडून. रस्ते कच्चे, खाली चिखल, वर बर्फ. एक दिवस पाय गळले की आठ दिवसांची कमाई मातीमोल.

पहिला घाव

१९३६ च्या जूनमध्ये बार्ताली इटलीचा लाडका झाला. घरात आनंदीआनंद. आणि त्याच जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ जुलिओ गेला. तोही सायकलपटूच, हौशी शर्यतीत उतरलेला. उतारावर त्याची मोटारीशी टक्कर झाली आणि पोर हाती लागले नाही. थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकीत धाकटा या खेळात आला होता. तुम्हीच विचार करा, त्या थोरल्याच्या मनाचे काय झाले असेल! गळ्यातले हार अजून सुकलेही नव्हते. ही सायकल आता नकोच, असे बार्तालीच्या मनाने घेतले.

पण त्याने सायकल सोडली नाही. त्याला उभे कोणी केले? घरच्यांनी केले, त्याच्या वाग्दत्त वधूने केले, हे खरेच. पण त्याच्याबरोबर लहानपणापासून आणखी एक गोष्ट होती. दहाबारा वर्षांचा असल्यापासून तो ‘कॅथोलिक ॲक्शन’ या धार्मिक संघटनेत होता. रोजची प्रार्थना, रविवारची मिस्सा, ठरलेल्या वेळी पापनिवेदन, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. भावाच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात त्याने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि तो कार्मेल संघाचा ‘तृतीय शाखेचा’ सभासद झाला.

हे काय प्रकरण, असे तुम्ही म्हणाल. कॅथोलिक धर्मात संन्यस्त स्त्रीपुरुषांचे संघ आहेत. कार्मेलचा संघ हा त्यांतला एक जुना संघ. पण ज्याला लग्न करायचे आहे, पोटापाण्याचा धंदा करायचा आहे, त्यालाही संसारात राहून या संघाचे व्रत घेता येते. त्याने ठरलेल्या प्रार्थना करायच्या, उपास पाळायचे, आचरण साधे ठेवायचे. आपल्याकडे शेतकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, वारी धरतो, एकादशी पाळतो; नांगर सोडीत नाही, आणि माळही सोडीत नाही. तसेच हे समजा. बार्तालीने सायकलही धरली आणि व्रतही धरले. पुढे त्याने आपल्या घरात एक लहानसे प्रार्थनागृहच केले.

या संघातील एका तरुण जोगिणीवर त्याची विशेष भक्ती होती. फ्रान्समधील लिझ्यूची संत तेरेझा ती हीच. ती १८९७ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली आणि १९२५ साली पोपने तिला संतपद दिले. तिची शिकवण फार सोपी. मोठे पराक्रम सगळ्यांच्याच नशिबी नसतात. पण रोजचे लहानसे काम प्रेमाने केले तर तेही देवापाशी पोचते. तिच्या या शिकवणीला ‘लहान मार्ग’ असे म्हणतात. आता घाट चढणाऱ्या सायकलस्वाराचा विचार करा. सगळा डोंगर एकदम त्याच्या अंगावर येत नाही. त्याला एकच पायडल मारायचे असते, मग पुढचे एक. लहान मार्गाची शिकवण या माणसाला का भावली असेल, हे सायकल चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

दुःख देवाच्या हाती देणे

कॅथोलिक श्रद्धेतील एक गोष्ट इथे समजून घेतली पाहिजे; कारण ती खेळाडूच्या फार उपयोगी पडते. येशू ख्रिस्ताने क्रूसावर जे दुःख सोसले ते जगाच्या उद्धारासाठी सोसले, असे हा धर्म मानतो. आणि पुढे असे म्हणतो, की भक्तानेही आपल्या वाट्याचे दुःख त्या दुःखाशी जोडावे, ते दुसऱ्या कोणाच्या तरी भल्यासाठी देवाला अर्पण करावे. दुःख चांगले असते, असे हा धर्म म्हणत नाही. ते मुद्दाम ओढवून घ्यावे, असेही नाही. पण आलेच, तर ते वाया जाऊ नये, एवढाच त्यातला भाव.

ज्याचे शरीर हेच त्याचे हत्यार, त्याला दुखणे रोजचेच. मांड्या पेटतात, छाती फुटायला येते, पडून हातपाय सोलतात. ‘हे सारे कशासाठी?’ हा प्रश्न चाळिसाव्या किलोमीटरला नाही, तरी दोनशेव्या किलोमीटरला येतोच. बक्षिसासाठी म्हणावे, तर बक्षीस एकालाच. ज्याच्यापाशी त्या कष्टाला दुसरे एखादे ठिकाण आहे, तो हरणार हे दिसत असतानाही पायडल मारीत राहतो. श्रद्धेने पायांत बळ येते की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण बळ संपल्यावरही सायकलवर बसून राहायला कारण मिळते, हे खास.

दुसरी गोष्ट पापनिवेदनाची. भक्ताने धर्मगुरूपुढे जाऊन आपले चुकले ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे, क्षमा मागायची आणि नव्याने सुरुवात करायची. खेळाडूला ही सवय मोलाची. आपण का हरलो, हे बरेच खेळाडू दुसऱ्यावर ढकलतात: पंच वाईट, मैदान वाईट, नशीब वाईट. ज्याला दर महिन्याला ‘माझे चुकले’ असे म्हणायची सवय आहे, त्याला कालची शर्यत कालच्या दिवशी ठेवून आज नव्याने सुरुवात करता येते.

विजयाचे काय करायचे?

पराभव पचवणे कठीण, हे सगळेच सांगतात. विजय पचवणे त्याहून कठीण, हे फार थोडे सांगतात.

१९३७ साली बार्तालीने पुन्हा इटलीची शर्यत जिंकली आणि मग फ्रान्सच्या शर्यतीत पिवळा सदरा मिळवला. पिवळा सदरा म्हणजे सर्वांत पुढे असल्याची खूण. पण दुसऱ्याच टप्प्याला उतारावरच्या पुलावरून तो थंडगार पाण्याच्या नदीत पडला. जोडीदाराने ओढून वर काढले. तसाच ओलाचिंब तो पुढे गेला. पण काही दिवसांनी त्याला शर्यत सोडून घरी यावे लागले. १९३८ साली मात्र तो परत गेला आणि टूर द फ्रान्स जिंकूनच आला.

त्या वेळी इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही होती. खेळाडू जिंकला की त्याने तो विजय मुसोलिनीच्या चरणी वाहावा, अशी सरकारची अपेक्षा. बार्तालीने तसे केले नाही. त्याने विजयाचा पुष्पगुच्छ नेला तो पॅरिसच्या एका चर्चमध्ये, मरियामातेच्या पायांशी. आता पहा, ही केवळ भाविकाची रीत नव्हे. जो विजय देवाला देऊन टाकला, तो हुकूमशहाला विकत घेता येत नाही. आणि जो देऊन टाकला तो स्वतःच्या डोक्यातही चढत नाही. आपण शेतातले पहिले कणीस देवाला वाहतो, त्यातही हाच अर्थ आहे: हे सारे माझ्या एकट्याचे नाही.

१९४० साली याची परीक्षा झाली. इटलीच्या शर्यतीत बार्ताली संघाचा नायक होता, आणि फाउस्तो कोप्पी हा वीस वर्षांचा पोरगा त्याचा मदतनीस. दुसऱ्याच टप्प्यात सायकलच्या आडवा कुत्रा आला, बार्ताली पडला आणि जबर जखमी झाला. पुढे कोप्पी आघाडीवर गेला. तेव्हा नायकाने मदतनिसाची मदत केली. डोंगराळ टप्प्यांत पोराचे पाय गळाले, तेव्हा त्याला धीर देऊन पुढे काढणारा बार्तालीच होता. कोप्पी जिंकला. शर्यत ९ जूनला संपली आणि दुसऱ्या दिवशी इटली महायुद्धात पडली.

पदके न मिळणारी शर्यत

युद्धाने बार्तालीची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. पण त्याची सर्वांत मोठी दौड याच काळातली आहे, असे आज मानतात.

१९४३ च्या सप्टेंबरात जर्मनांनी इटलीचा ताबा घेतला आणि ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी मठामठांतून ज्यू कुटुंबांना आसरा देण्याचे काम गुप्तपणे चालवले. याच कार्डिनलांनी १९४० साली बार्तालीचे लग्न लावले होते. त्यांनी बार्तालीला हाक दिली. ज्यूंना वाचवायचे तर खोटी ओळखपत्रे हवीत. ती आसिसी गावात गुपचूप छापली जात. फोटो आणि कागद इकडून तिकडे न्यायचे कसे? बार्ताली सरावाच्या निमित्ताने सायकल काढी, सायकलच्या सांगाड्याच्या पोकळ नळ्यांत कागदांच्या सुरळ्या घाली आणि शेकड्याच्या घरातले अंतर तोडी. नाक्यावर शिपायांनी अडवले तर सगळे ओळखीचे: ‘अरे, हा तर बार्ताली!’ माझी सायकल नीट जुळवलेली आहे, तिला हात लावू नका, असे तो सांगे, असे म्हणतात.

त्याने किती फेऱ्या केल्या आणि त्यांतून किती जीव वाचले, याचे मोठमोठे आकडे सांगितले जातात. काही इतिहाससंशोधकांनी त्या आकड्यांवर आणि खुद्द कागद वाहण्याच्या कथेवरही शंका घेतली आहे. काम गुप्त, त्याची वही कोण ठेवणार? पण गोल्डनबर्ग नावाच्या ज्यू कुटुंबाला त्याने फ्लॉरेन्समध्ये आपल्या ताब्यातील तळघरात लपवून जगवले, ही साक्ष त्या कुटुंबातील मुलाने मोठेपणी स्वतः दिलेली आहे. पकडला जाता तर बार्तालीला गोळी घातली असती, आणि त्याला बायको होती, लहान मूल होते. १९४४ साली त्याला फ्लॉरेन्समधील एका कुप्रसिद्ध छळघरात चौकशीसाठी नेलेही होते. नशिबाने तो सुटला.

युद्ध संपल्यावर त्याने याचा गवगवा केला नाही. चांगले काम करायचे असते, सांगत फिरायचे नसते. काही पदके कोटावर नाही, आत्म्यावर लावायची असतात, असे तो मुलाला सांगे. जगाला हे सारे ठळकपणे कळले ते त्याच्या मागून. २०१३ साली इस्राएलच्या ‘याद वाशेम’ या स्मारकसंस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्या सत्पुरुषांच्या यादीत त्याचे नाव घातले. कार्डिनल दाल्ला कोस्ता यांचे नाव आदल्या वर्षीच, २०१२ मध्ये, तिथे लागले होते.

इथे एक गोष्ट मला तुमच्या ध्यानात आणून द्यायची आहे. धर्माने खेळाडूला जिंकायला मदत केली की नाही, हे मोजता येत नाही. पण आपले पाय, आपली कीर्ती आणि आपली सायकल जिंकण्याखेरीज आणखी कशाला तरी उपयोगी आहे, हे ज्याला धर्माने शिकवले, तो शर्यती बंद पडल्यावरही रिकामा झाला नाही.

चौतिसावे वर्ष

युद्ध सरले तेव्हा बार्ताली तिशी ओलांडून गेला होता. १९४६ साली त्याने इटलीची शर्यत जिंकली खरी, पण कोप्पीहून अवघ्या ४७ सेकंदांनी. पुढच्या वर्षी कोप्पीने ती त्याच्याकडून घेतली. लोक म्हणू लागले, म्हातारा झाला.

१९४८ साली तो पुन्हा फ्रान्सला गेला. १४ जुलैला, विश्रांतीच्या दिवशी, फ्रान्सच्या लुईझों बोबेच्या मागे तो २१ मिनिटांहून अधिक पडलेला होता. इतकी तूट भरून निघते असे कोणी म्हणत नव्हते. आणि त्याच दिवशी रोममध्ये कम्युनिस्ट पक्षाचे नेते तोल्यात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देशभर संप झाले, दंगे उसळले, यादवी माजते की काय अशी धास्ती पडली. पंतप्रधान दे गास्पेरी यांनी त्या रात्री आपल्याला टेलिफोन करून जिंकण्याची गळ घातली, असे बार्ताली पुढे सांगत असे.

दुसऱ्या दिवशी थंडी, पाऊस आणि चिखल. आलोस, वार्स आणि इझोआर हे तीन घाट. बार्तालीने टप्पा जिंकला आणि जवळजवळ सगळी तूट एका दिवसात भरून काढली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा टप्पा जिंकला आणि पिवळा सदरा घेतला. लगेचचा तिसरा टप्पाही त्याचाच, आणि तो दिवस होता १८ जुलै, त्याचा चौतिसावा वाढदिवस. शर्यत संपली तेव्हा दुसरा आलेला गडी २६ मिनिटे मागे होता. पहिल्या आणि दुसऱ्या टूरविजयात दहा वर्षांचे अंतर. इतक्या अंतराने पुन्हा जिंकणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही.

बार्तालीच्या विजयाने इटलीतली यादवी टळली, असे पुष्कळ जण सांगतात. हे जरा वाढवून सांगितलेले आहे. जखमी तोल्यात्ती यांनी स्वतःच आपल्या लोकांना शांत राहायला सांगितले होते, हे विसरू नये. पण भांडणाऱ्या गावात आनंदाची वार्ता आली की काठ्या थोड्या खाली होतात, एवढे खरे.

देव कोणाच्या बाजूचा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. बार्ताली भाविक, त्याला लोक ‘धार्मिक जिनो’ म्हणत. १९४७ साली खुद्द पोप बारावे पायस यांनी एका भाषणात, जीवनाच्या शर्यतीचा संत पौलाचा दाखला देताना, त्याचे नाव घेतले. मग देवाने त्याला जास्त विजय दिले का? हिशेब पाहा. बार्तालीने इटलीची शर्यत तीनदा जिंकली, कोप्पीने पाचदा. फ्रान्सची शर्यत दोघांनीही दोन दोनदा. जपमाळेच्या मण्यांवर पदके मिळत असती, तर हा हिशेब असा लागला नसता.

कॅथोलिक धर्मही तसे म्हणत नाही. प्रार्थना हा देवाशी सौदा नव्हे, अशीच त्याची शिकवण आहे. जिंकव, अशी विनवणी करायला हरकत नाही, लेकराने बापाकडे मागावे तशी. पण शेवटी ‘तुझी इच्छा’ म्हणायचे. मागणे आणि सोडून देणे या दोन्ही गोष्टी एकाच प्रार्थनेत. मनावरचा भार हलका होतो तो या सोडून देण्याने.

आणि श्रद्धेने माणूस एकदम देवमाणूसही होत नाही. बार्ताली मोठा कुरकुऱ्या होता. ‘सगळंच चुकलंय, सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला हवं,’ हे त्याचे पालुपद इटलीभर प्रसिद्ध होते. कोप्पीशी त्याची चुरस होतीच. त्यात राजकीय पक्षांनी आणि वर्तमानपत्रांनी एकाला धर्माचा झेंडा केले आणि दुसऱ्याला नव्या विचारांचा. श्रद्धा झेंडा झाली की ती दुसऱ्याला खाली पाडायच्या उपयोगी येते, हा धोका तिथेही होता आणि इथेही आहे. पण रस्त्यावरचे चित्र निराळे होते. १९४९ साली फ्रान्समध्ये दोघे एका संघात होते. १८ जुलैला, बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, दोघे बरोबर पुढे निघाले आणि कोप्पीने टप्पा त्याला दिला. दुसऱ्या दिवशी बार्तालीची सायकल पंक्चर झाली, कोप्पी पुढे गेला आणि शर्यत कोप्पीची झाली. बार्ताली दुसरा. १९५२ सालचा एक फोटो फार गाजला: घाटात दोघे पुढेमागे आणि पाण्याची बाटली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते आहे. कोणी कोणाला दिली, यावर इटलीत कितीतरी वर्षे वाद चालला. वाद कशाला? पाणी दिले गेले, हे तर दिसतेच आहे.

दैवाने या दोघांना एक सारखाच घाव दिला. कोप्पीचा भाऊ सेर्से हाही सायकलपटू. १९५१ साली शर्यतीत पडून तोही गेला. भाविकाचा भाऊ वाचला आणि दुसऱ्याचा गेला, असे झाले नाही. श्रद्धा म्हणजे संकट चुकवण्याचा ताईत नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

कोमो सरोवराच्या वर डोंगरात गिझाल्लोच्या मरियामातेचे एक लहान चर्च आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी या मातेला सायकलस्वारांची संरक्षक म्हणून जाहीर केले. आपल्याकडे नवस फेडताना देवळात घंटा बांधतात, पाळणा वाहतात. तसे तिथे विजेत्यांनी आपल्या सायकली आणि सदरे वाहिले आहेत. भिंती त्यांनी भरून गेल्या आहेत. पण त्यातच फाबिओ कासार्तेल्ली याची मोडकी सायकल आहे. हा पोरगा त्याच भागातला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेला. १९९५ च्या टूरमध्ये उतारावर पडून तो वारला. जिंकलेल्यांच्या सायकलींशेजारी त्याची सायकल तिथे ठेवलेली आहे. जय आणि पराजय दोन्ही ठेवायला माणसाला एक जागा लागते. भाविकाला ती देवळात मिळते.

हे सारे जुन्या काळचे, असे म्हणाल तर आजचेही उदाहरण घ्या. अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी कॅथोलिक आहे आणि शर्यतीपूर्वी आपण ‘नमो मरिया’ म्हणतो असे ती सांगते. २०२१ साली झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ती २०० मीटरच्या शर्यतीत पाचवी आली. एवढ्या मोठ्या जलतरणपटूला पदकही नाही. आणि त्याच सकाळी, सुमारे तासाभराने, ती १५०० मीटरच्या शर्यतीला पाण्यात उतरली आणि सुवर्णपदक घेऊन बाहेर आली. त्याच ऑलिंपिकमध्ये व्यायामपटू सिमोन बाइल्स हिने मन आणि शरीर जुळत नाही हे ओळखून बऱ्याच स्पर्धांतून माघार घेतली. तीही कॅथोलिक. आईने दिलेली जपमाळ आपण पिशवीत ठेवतो, असे ती पूर्वी म्हणाली होती. पण मन बिघडले तेव्हा तिने तज्ज्ञांचे उपचार घेतले आणि ते लपवले नाहीत. २०२४ साली पॅरिसला ती परत आली आणि तीन सुवर्णपदके जिंकली. जपमाळ आणि डॉक्टर यांचे भांडण नाही, हे आपणही लक्षात ठेवावे.

बार्ताली २००० सालच्या ५ मे रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला शर्यतीचा सदरा नव्हे, तर कार्मेल संघाचे वस्त्र घालून पुरले.

शिक्षकबंधूंनो, तुमच्या शाळेच्या क्रीडादिनी धावण्याच्या शर्यतीत तीस मुले उभी राहतील. त्यांतली सत्तावीस बक्षिसाशिवाय घरी जातील. कोणी गणपतीला नारळ बोललेला असेल, कोणी पिराला चादर, कोणी मरियामातेला मेणबत्ती. हरलेला पोरगा तुमच्यापाशी येऊन म्हणेल, ‘गुरुजी, देवानं माझं ऐकलं नाही.’ तेव्हा त्याला एवढेच विचारा, की पळताना पाय दुखले तेव्हा थांबला नाहीस ना? शेजारचा पडला तेव्हा त्याला हात दिलास ना? आणि उद्या सकाळी पुन्हा पळायला येणार आहेस ना? तिन्हींना ‘होय’ म्हणाला, तर देवाने त्याचे ऐकले आहे, असे खुशाल सांगा.